लेखक बदलून पाहिला, तरी कंपनीचे लेख पोकळच येतात: बिघाड कुठे शोधायचा

पुण्यातल्या तंत्रज्ञान कंपन्यांसाठी लेखांचं संपादन करणं हे माझं काम. त्यातला बराच भाग दुरुस्तीचा असतो. कंपनीकडे सांगण्यासारखं काहीतरी खरोखर असतं, ते लिहायला फ्रीलान्स लेखक नेमलेला असतो, पैसेही दिलेले असतात, आणि तरी हाती येतो तो कुठल्याही कंपनीच्या नावाने खपेल असा मजकूर. हिंजवडी असो, बाणेर असो की खराडी, तक्रारीचे शब्दसुद्धा तेच: "लेखकाला आमचा विषयच कळत नाही."

कधीकधी हे खरं असतं. बहुतेक वेळा मात्र काम लेखकाच्या हाती पडण्याआधीच बिघडलेलं असतं, आणि म्हणून लेखक बदलल्याने फरक पडत नाही. कंपनीचा विचार लेखकापर्यंत पोहोचलेलाच नसतो. पोहोचला असेल तर मंजुरीच्या फेऱ्यांत तो झिजून गेलेला असतो.

खालच्या तपासण्या फुकटच्या आणि सोप्या आधी, महागड्या आणि अवघड नंतर अशा लावल्या आहेत. क्रम मोडू नका. लेखक बदलणं यादीत बरंच खाली आहे, कारण नव्या लेखकाला तुमचं क्षेत्र समजून घ्यायला दोन-तीन महिने जातात, आणि मूळ दोष तुमच्या बाजूला असेल तर ते महिने वाया जातात.

लक्षणं

- पहिला ड्राफ्ट "आजच्या वेगवान डिजिटल युगात" अशा छापाच्या वाक्याने सुरू होतो, आणि तिसरा परिच्छेद आला तरी तुमच्या कामाबद्दल काही येत नाही.
- ड्राफ्ट वाचून "मजा नाही आली", "अजून खोलात जायला हवं", "हा आपला सूर नाही" एवढंच म्हणता येतं. नेमकं काय चुकलं ते कुणालाच सांगता येत नाही.
- लेख चौथ्या-पाचव्या फेरीत जातो आणि शेवटी सीटीओ (तंत्रज्ञान विभागाचे प्रमुख) रात्री बसून स्वतःच लिहून काढतात.
- मार्केटिंगला लेख आवडतो, इंजिनिअर मात्र तो कुणाला दाखवायला कचरतात.
- चांगला वाटलेला लेखक दोन-तीन लेखांनंतर "सध्या हातात वेळ नाही" असं कळवतो.
- लेख प्रसिद्ध होतो, पण सेल्सची माणसं तो ग्राहकाला पाठवत नाहीत.

शेवटचं लक्षण मी सगळ्यात विश्वासार्ह मानतो. लेख किती जणांनी उघडला या आकड्यावरून फारसं कळत नाही. पण ग्राहकासमोर बसणाऱ्या माणसाला जो लेख उपयोगी वाटतो, तो कुणी न सांगता पुढे पाठवला जातो.

तुमची अडचण फक्त शुद्धलेखनाची, व्याकरणाची किंवा वेळेवर काम न येण्याची असेल, तर ती वेगळी. तिच्यासाठी एक चांगला मुद्रितशोधक किंवा स्पष्ट तारखा पुरतात.

१. कंपनीचं नाव बदलून वाचा

खर्च काही नाही, वेळ दहा मिनिटं. गेले तीन लेख उघडा, तुमच्या कंपनीच्या नावाच्या जागी प्रतिस्पर्ध्याचं नाव घाला आणि वाचा.

मजकूर तरीही जसाच्या तसा खरा वाटत असेल, तर त्यात तुमचं असं काही नाही. भाषा कितीही घासूनपुसून घेतली तरी तो सुधारणार नाही, कारण दोष भाषेत नाही. पुढच्या तपासणीकडे जा. नाव बदलल्यावर मजकूर खोटा पडत असेल ("हे तर ते करतच नाहीत" असं वाटत असेल), तर विचार लेखात उतरलेला आहे. मग अडचण मांडणीची किंवा मंजुरीची आहे. थेट पाचव्या मुद्द्यावर जा.

या एका वाचनाने अर्धा शोध संपतो. तरी बहुतेक कंपन्या ते करत नाहीत आणि पहिल्याच दिवशी लेखकावर येऊन थांबतात.

२. ब्रीफ काढून पाहा

ब्रीफ म्हणजे काम सुरू करण्याआधी लेखकाला दिलेल्या लेखी सूचना. त्यांत नेमकं काय पाठवलं होतं? मी पाहिलेल्या बहुतेक ब्रीफमध्ये चार गोष्टी असतात: विषय, शब्दमर्यादा, कीवर्डची (लोक सर्चमध्ये टाइप करतात त्या शब्दांची) यादी आणि "असं काहीतरी हवंय" म्हणून दिलेल्या तीन लेखांच्या लिंका. एवढ्यावर कितीही हुशार लेखक एकच गोष्ट करू शकतो. ते तीन लेख वाचून चौथा तयार करतो. तुम्ही मागितलेलं तेच असतं.

"सर्चसाठी तसंच लागतं" हे उत्तर आता टिकत नाही. शोधनिकालांची गुणवत्ता तपासणाऱ्यांना गूगल जी मार्गदर्शक तत्त्वं देतं, त्यांत डिसेंबर २०२२ मध्ये लिहिणाऱ्याचा प्रत्यक्ष अनुभव हा निकष जोडला गेला. मार्च २०२४ मध्ये गूगलने केवळ क्रमवारीसाठी घाऊक मजकूर तयार करण्याविरुद्धचं धोरणही कडक केलं.

ब्रीफमध्ये एक वाक्य असायलाच हवं, आणि ते असं हवं की त्याच क्षेत्रातला एखादा शहाणा माणूस "मला हे पटत नाही" म्हणू शकेल. उदाहरण घेऊ. समजा, चाकणच्या कारखान्यांतल्या यंत्रांची कंपनं मोजून बिघाड आधीच ओळखणारी प्रणाली तुम्ही बनवता. "प्रेडिक्टिव्ह मेंटेनन्सचे फायदे" हा विषय झाला. त्याच्याशी असहमत कोण होणार? आता हे वाक्य पाहा: "मध्यम आकाराच्या कारखान्याने सगळ्या यंत्रांवर सेन्सर बसवू नयेत, ज्या यंत्राला पर्याय नाही, फक्त त्यावर बसवावेत." सेन्सरच्या संख्येवर बिल करणारा विक्रेता याला लगेच विरोध करेल. कारखान्याचा मेंटेनन्स मॅनेजर मात्र खुर्चीत सरसावून बसेल, कारण त्याचं बजेट मर्यादित आहे आणि विक्रेताच कमी घ्या म्हणतोय.

अशा वाक्यातून लेखाचा सांगाडा आपोआप मिळतो. पर्याय नसलेलं यंत्र कोणतं? बारा सीएनसींपैकी (संगणकावर चालणाऱ्या कटाईच्या यंत्रांपैकी) एक बंद पडली तर काम दुसरीवर टाकता येतं. हवेचा कंप्रेसर एकच असेल तर तो थांबताच अख्खी लाइन थांबते. ओळखायचं कसं? सगळीकडे सेन्सर लावल्याने होतं काय? इशाऱ्यांचा पाऊस पडतो आणि महिनाभरात कुणी ते बघेनासं होतं. यातलं एकही उत्तर लेखक इंटरनेटवरून आणू शकत नाही. ते तुमच्याकडेच आहे.

ब्रीफ अर्ध्या पानाचं असलं तरी चालतं. दावा, तो कुणाला पटणार नाही, तुमच्याकडे पुरावा काय, आणि काय लिहायचं नाही, एवढं पुरे.

३. वाचक कोण ते एका माणसापर्यंत आणा

हे लवकर होतं. "निर्णय घेणारे अधिकारी" हा वाचक नव्हे. तुमच्या ग्राहकांपैकी एक खरा माणूस डोळ्यासमोर आणा आणि त्याचं पद, त्याची रोजची कटकट, त्याला आधीच काय माहीत आहे हे लेखकाला सांगा. मेंटेनन्स मॅनेजरला बेअरिंग म्हणजे काय हे समजावत बसलात तर तो तिथेच वाचणं सोडतो. त्याच्या फायनान्सच्या सहकाऱ्यासाठी तेच वाक्य आवश्यक असतं. दोघांसाठी एकच लेख लिहायचा आग्रह धरला की तो दोघांनाही नकोसा होतो.

४. ज्याच्या डोक्यात विचार आहे त्याच्याशी लेखकाचं बोलणं झालं का?

यावर मी सगळ्यात जास्त वेळ देतो, कारण सर्वाधिक दुरुस्त्या इथेच होतात. साखळी बहुधा अशी असते: फाउंडर मार्केटिंगच्या प्रमुखाला दोन मिनिटांत सांगतात, ते आपल्या टीममधल्या कुणाला मेसेज करतात, तिथून लेखकाला ईमेल जातो. प्रत्येक टप्प्यावर तपशील गळतात आणि शेवटी शीर्षक तेवढं उरतं.

उपाय म्हणजे ४५ मिनिटांचा एक कॉल. कॉलवर फक्त दोघं: विचार ज्याचा तो आणि लेखक. मार्केटिंगचं कुणी हवं असेल तर त्यांनी फक्त ऐकावं. परवानगी घेऊन रेकॉर्ड करा.

भाषेबद्दल आग्रहाने सांगतो. लेख इंग्रजीत जाणार असला तरी बोलणं मराठीत किंवा रोजच्या मिश्र भाषेत होऊ द्या. मी अनेक इंजिनिअरांना ऐकलंय. मराठीत ते सांगतात, "बेअरिंगचा आवाज कानाला ऐकू यायला लागतो तेव्हा फार उशीर झालेला असतो, आम्हाला त्याच्या आधीचं पकडायचंय." रेकॉर्डिंग चालू आहे, आपण इंग्रजीत बोलायचं आहे, हे लक्षात आलं की तेच "प्रोॲक्टिव्ह ॲसेट हेल्थ मॅनेजमेंट" होतं. पहिल्या वाक्यातून लेख निघतो. म्हणून शक्य असेल तिथे मराठी समजणारा लेखक घ्या. मराठी-इंग्रजी मिसळलेल्या तांत्रिक बोलण्यात आपोआप लिहून देणारी सॉफ्टवेअर अडखळतात, त्यामुळे लेखकाने रेकॉर्डिंग स्वतः एकदा ऐकायलाच हवं.

लेखकाने कोणते प्रश्न विचारावेत? "तुमच्या उत्पादनाबद्दल सांगा" हा नको. त्याचं उत्तर कंपनीच्या माहितीपत्रकात असतं. मला उपयोगी पडलेले प्रश्न असे:

ग्राहकाला कोणती गोष्ट पुन्हा पुन्हा समजावून सांगावी लागते? तुम्ही पूर्वी काय मानत होता, जे आता मानत नाही, आणि मत कशामुळे बदललं? या धंद्यात बाकी सगळे करतात पण तुम्ही मुद्दाम करत नाही असं काय? कुठल्या ग्राहकाला तुम्ही स्वतःहून "आमचं घेऊ नका" सांगाल?

शेवटच्या प्रश्नावर क्षणभर शांतता पसरते आणि मग जे बाहेर येतं ते जवळपास नेहमीच छापण्याजोगं असतं. तुम्ही मर्यादा सांगितलीत की वाचकाला तुमचे बाकीचे दावेही खरे वाटू लागतात.

बोलण्याइतकाच महत्त्वाचा आहे कागद. सपोर्टची तिकिटं (ग्राहकांच्या तक्रारींच्या नोंदी), एखाद्या निर्णयाआधी टीमने लिहिलेली टिपणं, फसलेल्या प्रयोगाच्या नोंदी यांतलं जे दाखवता येईल ते लेखकाला वाचायला द्या. त्यांचं मोल काय असतं ते गिटलॅब या, सॉफ्टवेअरचा कोड साठवण्याची सेवा देणाऱ्या कंपनीच्या २०१७ च्या घटनेवरून कळतं. ३१ जानेवारीला डेटाबेसची अडचण सोडवताना त्यांच्या एका इंजिनिअरने चुकीच्या, म्हणजे मुख्य सर्व्हरवरची फाइल-डिरेक्टरी काढायला सुरुवात केली. थांबवेपर्यंत सुमारे ३०० जीबीपैकी ४.५ जीबीच उरले होते. बॅकअप आणि प्रतिकृतीच्या पाच पद्धती होत्या, त्यांतली एकही धडपणे चालत नव्हती. योगायोगाने काही तास आधी घेतलेली एक प्रत होती, म्हणून नुकसान साधारण सहा तासांच्या डेटापुरतं राहिलं. कंपनीने दुरुस्ती चालू असतानाच आपली टिपणं सर्वांसाठी खुली ठेवली आणि नंतर सविस्तर अहवाल प्रसिद्ध केला. इतक्या वर्षांनीही बॅकअपवर बोलताना लोक त्याचा दाखला देतात. बाहेरच्या कुठल्याही लेखकाला ते नुसतं शोधून लिहिता आलं नसतं. सगळा ऐवज आतल्या माणसांच्या त्या वेळच्या नोंदींत होता.

तुमच्याकडे एवढी मोठी घटना नसेल, पण नोंदी असतातच.

५. मंजुरीची वाट मोजा

ड्राफ्टच्या गूगल डॉकमध्ये किती जणांच्या कमेंट आहेत? चारपेक्षा जास्त नावं दिसली तर बहुधा रोग इथे आहे.

घडतं असं. सेल्सच्या प्रमुखांना उरलेली वैशिष्ट्यंही लेखात हवी असतात. सीटीओंना प्रत्येक विधानापुढे अपवाद हवा असतो. कंपनीचे वकील "होतं" च्या जागी "होऊ शकतं" करतात. फाउंडरना विमानात एक नवा विचार सुचलेला असतो. प्रत्येक सूचना एकेकटी पाहिली तर रास्त असते. सगळ्या एकत्र लागू केल्या की ब्रीफमधलं ते एक वाक्य, ज्याच्यासाठी लेख लिहायला घेतला होता, नाहीसं होतं. लेखक बिचारा सगळ्यांना खूश करतो, कारण त्याचं बिल त्यांच्याच हातात आहे.

दुरुस्तीला पैसे लागत नाहीत, अधिकार लागतो. निर्णय घेणारा एकच माणूस ठरवा आणि त्याचं नाव डॉकच्या वर लिहा. बाकीचे सुचवतील, काय घ्यायचं ते तो ठरवेल. कमेंट तीन प्रकारांत लिहायला लावा: "चूक आहे", "धोका आहे" आणि "मला असं आवडलं असतं". पहिल्या प्रकारची दुरुस्ती झालीच पाहिजे. दुसऱ्यावर निर्णय घेणाऱ्याने बोलायचं. तिसरा प्रकार लेखकाच्या मर्जीवर सोडायचा. एवढं वर्गीकरण करायला लावलं तरी कमेंट कमी होतात, कारण आपली सूचना तिसऱ्या खणातली आहे हे लिहिताना माणसाला स्वतःलाच दिसतं.

फेऱ्या दोनच ठेवा. पहिली फेरी आराखड्यावर: दोनशे शब्दांत दावा, पुरावे आणि त्यांचा क्रम. फाउंडरनी आपलं सगळं म्हणणं इथे मांडावं. पंधराशे शब्द लिहून झाल्यावर दिशा बदलली तर लेखकाचे दोन दिवस बुडतात आणि पुढच्या वेळी तो जीव ओतून लिहीत नाही. आराखड्यात बदललं तर अर्धा तास जातो. दुसरी फेरी पूर्ण ड्राफ्टवर, आणि ती फक्त तथ्यांची. त्यानंतर कुणाला नवा विचार सुचला तर त्याची नोंद करून ठेवा, पुढचा लेख तयार झाला.

मुदतही ठरवा. तीन कामाच्या दिवसांत कमेंट आली नाही तर होकार समजायचा. अपवाद फक्त तथ्य तपासणाऱ्या इंजिनिअरचा. त्याच्या होकाराशिवाय लेख जाऊ देऊ नका.

६. पैसे कशाचे देता आहात?

इथून पुढे खिशाला हात घालावा लागतो.

शब्दाला एक रुपया दर असेल तर १,२०० शब्दांच्या लेखाचे १,२०० रुपये झाले. आता वर सांगितलेलं काम मांडून पाहा: ४५ मिनिटांचा कॉल, रेकॉर्डिंग ऐकणं, टिपणं वाचणं, आराखडा, लेखन, दोन फेऱ्या. दोन पूर्ण दिवस. या पैशात दोन दिवस देणं कुणालाच परवडणार नाही, म्हणून लेखक कॉल टाळतो आणि दोन तासांत इंटरनेटवरून लेख जुळवतो. दराने त्याला तेच करायला सांगितलेलं आहे. शिवाय शब्दांवर पैसे मिळतात म्हटल्यावर सहाशे शब्दांत मावणारी गोष्ट बाराशेपर्यंत ताणली जाते.

दर लेखामागे ठरवा. त्यात कॉल, आराखडा आणि दोन फेऱ्या धरा. तिसरी फेरी झाल्यास जादा पैसे, आणि हे आधीच लिहून ठेवा. तिसऱ्या फेरीला किंमत लागली की पाचव्या मुद्द्यातली शिस्तही आपोआप पाळली जाते. बजेट वाढवता येत नसेल तर महिन्याला चार लेखांऐवजी एक घ्या.

पैसे वेळेवर द्या. लेखकाची सूक्ष्म किंवा लघु उद्योग म्हणून उद्यम नोंदणी असेल (ती मोफत होते), तर २००६ च्या एमएसएमई (सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योग) विकास कायद्याप्रमाणे लेखी करार असल्यास जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि करार नसल्यास १५ दिवसांत पैसे देणं बंधनकारक आहे. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेने जाहीर केलेल्या बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लागतं. २०२३ च्या वित्त कायद्याने आणलेल्या तरतुदीमुळे मुदत चुकवलेली रक्कम ज्या वर्षी प्रत्यक्ष दिली जाते त्याच वर्षी करासाठी खर्च म्हणून धरली जाते. "आमची पेमेंट सायकल ९० दिवसांची आहे" हे म्हणूनच चालत नाही. चांगले लेखक निघून जाण्याचं सगळ्यात साधं कारण थकलेलं इनव्हॉइस हेच असतं, आणि ते तुम्हाला तोंडावर कधीच सांगत नाहीत.

७. आता लेखक तपासा

पहिल्या सहा गोष्टी जागेवर असूनही लेख पोकळ येत असेल, तर शंका लेखकावर घ्यायला हरकत नाही.

जुने लेख बघताना भाषेपेक्षा प्रश्न शोधा. एखादा नमुना निवडा आणि विचारा, "हा तपशील तुम्हाला कुणी सांगितला? तो मिळवायला काय विचारलंत?" कामाचा लेखक लगेच किस्सा सांगतो. जुळवाजुळव करणारा विषयावर व्याख्यान देतो. तुमचं क्षेत्र आधीपासून माहीत असणं चांगलं, पण मला ते दुय्यम वाटतं. ज्याला न कळलेलं विचारायची लाज वाटत नाही, असा माणूस दोन कॉलमध्ये कंप्रेसर समजून घेतो. माहितगार असूनही न विचारणारा जुनीच माहिती पुन्हा लिहितो.

चाचणी घ्यायची तर पैसे देऊन घ्या, आणि पूर्ण लेखाची घेऊ नका. २० मिनिटांचा कॉल आणि त्यावरून दोनशे शब्दांचा आराखडा एवढी पुरे. त्यात तुमचा दावा ओळखला गेला आहे का ते पाहा. फुकट "सॅम्पल" मागितलंत तर मागणी असलेले लेखक येणारच नाहीत आणि तुमची निवड उरलेल्यांतून होईल.

एआयने लिहिलंय का, हा प्रश्न हल्ली प्रत्येक बैठकीत येतो. ते ओळखण्याचा दावा करणाऱ्या साधनांवर विसंबून कुणावर आरोप करू नका. खुद्द ओपनएआयने आपलं असं साधन अचूकता कमी असल्याचं सांगून जुलै २०२३ मध्ये बंद केलं. त्यापेक्षा ड्राफ्टमधल्या प्रत्येक ठोस विधानाच्या बाजूला स्रोत मागा: कॉलमधलं कितवं मिनिट, कोणतं टिपण, कोणता अहवाल. विधानाला स्रोत नसेल तर ते काढायचं, मग ते कुणीही लिहिलेलं असो. गोपनीय टिपणं कुठल्या एआय साधनात टाकायची आणि कुठल्यात नाही, हेही करारात स्पष्ट करा.

८. कागदपत्रं

लेखक हातचं राखून लिहितोय किंवा तुम्ही त्याला काही दाखवायला घाबरताय, असं असेल तर करार उघडा. बऱ्याच ठिकाणी तो नसतोच.

अनेकांना वाटतं, पैसे दिले म्हणजे लेख आपला. भारतात नोकरीतल्या माणसाने कामाचा भाग म्हणून लिहिलेल्याचा कॉपीराइट सर्वसाधारणपणे मालकाचा असतो. फ्रीलान्सरने लिहिलेल्याचा पहिला मालक, वेगळं काही ठरलेलं नसेल तर, तो स्वतः असतो. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे हक्क हस्तांतरित करायचे तर लेखी आणि सहीनिशी करावे लागतात. त्यात मुदत लिहिली नसेल तर हस्तांतरण पाच वर्षांपुरतं मानलं जातं, आणि प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरतं. परदेशी ग्राहकांसाठी लेख छापणाऱ्या कंपनीला ही दुसरी त्रुटी महागात पडू शकते.

लेख फाउंडरच्या नावाने जाणार असेल तर तेही आधी बोला आणि लिहा. हक्क विकल्यावरही लेखकत्व सांगण्याचा लेखकाचा विशेष अधिकार कायद्याने राखलेला आहे, त्यामुळे हा विषय गृहीत धरू नका. माझा आग्रह असा की ज्याचं नाव, त्याचंच म्हणणं असलं पाहिजे. शब्द लेखकाचे चालतील, पण फाउंडरनी कधीच न मांडलेला विचार त्यांच्या नावावर छापू नये. पुढच्या परिषदेत त्यावर प्रश्न येतो आणि उत्तर देता येत नाही.

गोपनीयतेचं कलम घाला, पण "करार संपल्यावर दोन वर्षं या क्षेत्रात दुसऱ्या कुणासाठी लिहायचं नाही" असलं कलम घालू नका. १८७२ च्या करार कायद्याच्या २७ व्या कलमामुळे काम संपल्यानंतर लागू होणारी अशी बंदी सहसा टिकत नाही, आणि ती वाचून अनुभवी लेखक सही न करता परत जातो.

९. मुळात विचार आहे का?

सगळ्यात अवघड तपासणी शेवटी ठेवली आहे. दोन्ही फाउंडरना वेगवेगळं बसवा आणि एकच प्रश्न विचारा: "आपल्या क्षेत्रात बहुतेकांचं काय चुकतंय?" दोन उत्तरं परस्परविरोधी आली तर लेखकाकडे जाण्यात अर्थ नाही. लेखातला गुळमुळीतपणा त्या न सुटलेल्या मतभेदाचा असतो. प्रत्येक वाक्य दोघांना चालेल असं लिहिलेलं असतं.

उत्तर आलंच नाही, तर सहा महिने लेख थांबवा. त्याऐवजी प्रत्येक विक्रीच्या बैठकीनंतर पाच ओळी लिहून ठेवायची सवय लावा: ग्राहक कुठे अडला, कशाने पटलं, कशाने बिनसलं. सहा महिन्यांनी त्या ओळी एकत्र वाचल्या की दोन-तीन दावे वर येतात. थांबायचं म्हटल्यावर मार्केटिंगचा विरोध होतो, दर आठवड्याला काहीतरी गेलं पाहिजे असं त्यांना वाटतं. तरीही थांबा. रिकामे लेख वाचून ज्या मेंटेनन्स मॅनेजरने तुम्हाला एकदा बाजूला टाकलं, त्याला पुन्हा उघडायला लावणं कितीतरी कठीण आहे.

इथे थांबा आणि जाणकाराला बोलवा

लेखात तुमच्या पद्धतीची अशी तांत्रिक माहिती असेल जिच्यावर पेटंट घ्यायचा विचार आहे, तर लेख प्रसिद्ध करण्याआधी पेटंट एजंट किंवा वकिलाला दाखवा. अर्ज करण्याआधी शोध जाहीर झाला तर नावीन्याचा दावा जाऊ शकतो. काही देशांत सवलतीचा काळ असतो, पण भारतात तो मोजक्याच परिस्थितींत मिळतो. संपादक किंवा लेखकाने "एवढं सांगितलं तर चालेल" असा सल्ला देऊ नये आणि तुम्ही तो घेऊ नये.

तुमची किंवा तुमच्या ग्राहकाची कंपनी शेअर बाजारात नोंदलेली असेल आणि लेखात नवी ऑर्डर, विक्रीचे आकडे किंवा अजून जाहीर न झालेलं उत्पादन येत असेल, तर आधी कंपनी सेक्रेटरी. शेअर बाजाराचं नियमन करणाऱ्या सेबीचे २०१५ चे अंतर्गत व्यवहारांबाबतचे नियम अप्रकाशित किंमतसंवेदनशील माहितीला, म्हणजे जाहीर झाल्यास शेअरचा भाव हलवू शकेल अशा माहितीला, लागू होतात, आणि ती लेखकाला दाखवणंसुद्धा त्यांच्या कक्षेत येऊ शकतं.

टीडीएस किती कापायचा, लेखकाची उलाढाल २० लाखांच्या वर गेल्याने जीएसटी लागतो का, परदेशातल्या लेखकाला पैसे कसे पाठवायचे, हे सगळं सीएकडून एकदा लिहून घ्या. लेखकाशी ईमेलवर वाद घालून हे सुटत नाही.

कॉपीराइटवरून किंवा थकलेल्या पैशांवरून लेखकाची नोटीस आली तर स्वतः उत्तर लिहू नका, वकिलाला द्या.

आणि लेखात ग्राहकाच्या कारखान्याचं नाव, त्यांच्या बिघाडाचे तपशील किंवा यंत्रांचा डेटा असेल, तर करारात त्याबद्दल काय आहे ते तुमच्या वकिलाकडून वाचून घ्या. फोनवर "हो, चालेल" म्हणणारा मेंटेनन्स मॅनेजर परवानगी देण्याच्या अधिकारात असेलच असं नाही. कंपनीची लेखी परवानगी हाती येईपर्यंत लेख तसाच ठेवा, तारीख हुकली तरी.